भोंग्याची गाडी आणि तिसरा गिअर

४ मार्च, सोमवार

आज दुफिएची गाडी आली. आली म्हणजे, दुफिए गिअर टाकायला घाबरली म्हणून हमरस्त्यापासून शेडपर्यंत चौघांनी ढकलत आणली.

दुफिए म्हणजे आमच्या भागाचा आवाज. कुणी गेलं की ही टपावरचे चार भोंगे लावून गावोगाव फिरते. मयत कुणाचं, कुठल्या मैदानात, कपडे काळे घालायचे की लाल, सगळं सांगते. दवाखान्यात लस आली की तेही हीच सांगते. डोंगराकडच्या बायका नर्सचं ऐकत नाहीत, हिचं ऐकतात. या महिन्याच्या सत्तावीसला तिकडे गोवराची लस आहे आणि दवाखान्यानं आत्तापासून हिला सांगून ठेवलंय.

तक्रार अशी. गाडी जुनी, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. तिसऱ्यात मजेत चाललेली गाडी धाडकन पहिल्यात येते, परत तिसऱ्यात जाते, आणि कधी कधी कुठल्याच गिअरमध्ये नसते. काल डोंगराकडच्या रस्त्याला, क्वानसोच्या चढावर अशीच न्यूट्रल झाली आणि मागे घरंगळली. मागून एक बाई डोक्यावर केळ्यांचं घमेलं घेऊन येत होती. गटारात उडी मारली म्हणून वाचली.

"मास्टर, सरळ सांग," दुफिए म्हणाली. "होणार असेल तर हो म्हण. नाहीतर उद्याच भंगारात घालते आणि घरी बसते. मयताच्या खबरा देता देता मीच मयत पाडायचं नाहीये मला."

मी म्हटलं, "दुफिए, अख्ख्या सुआमे मॅगझीनच्या गॅरेजांमध्ये गिअरबॉक्सच्या पोटात माझ्याइतका कुणाचा हात गेलाय का? सत्तावीस वर्षं हेच करतेय. भंगाराचं नाव काढू नकोस."

गाडी चालवून बघायला घेतली. आधी भोंग्याचं बटण बंद केलं. बाबांपासूनचा नियम आहे, आमच्या शेडात आणि आमच्या हाताखालच्या गाडीत मयताचा भोंगा वाजत नाही. कुणी मेलेलं नसताना मरणाला हाक कशाला मारायची? तीन फेऱ्या मारल्या. एकदासुद्धा गिअर चुकला नाही. असंच असतं, डॉक्टरसमोर पेशंट शहाणा होतो.

समोरच्या शेडातून अनाने ओरडला, "फ्रेमे, आधी तारा बघून घे गं!"

अनाने वायरिंगवाला. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत माझा नवराही होता. मी मान वळवली नाही. मॅगझीनमध्ये ज्याचं त्याचं काम ठरलेलं आहे. तेलाचं माझं, तारांचं त्याचं. आणि हा रोग तेलाचा आहे.

५ मार्च, मंगळवार

ऑइल काढलं. तपकिरी, थोडा करपल्याचा वास. तळाच्या ट्रेमध्ये काळी भुकटी, पण लोखंडाचे कण नाहीत. म्हणजे आतली चाकं शाबूत आहेत. फिल्टर बदलला, नवीन ऑइल भरलं, इंजिन गरम करून डिपस्टिक दोनदा पाहिली. मग भोंगे बंद करून चढावर नेली. लोण्यासारखी चालली. दुफिएला फोन करून सांगितलं, ये आणि घेऊन जा तुझी लाडकी.

८ मार्च, शुक्रवार

परत तेच. आज भर बाजारात तिसऱ्यातून पहिल्यात. मागच्या टॅक्सीवाल्यानं दुफिएच्या सात पिढ्या उद्धारल्या. ती एका मास्तरांच्या मयताची वेळ सांगत होती, धक्क्यानं वाक्य अर्धवट राहिलं, म्हणून मास्तरांची बहीण रागावली म्हणे. मला काय करायचंय त्या बहिणीचं! मी विचारतेय वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, आणि ही मला बहिणीचं सांगतेय.

असो. ऑइल कारण नव्हतं, मान्य. म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी. मला पहिल्याच दिवशी वास आला होता.

९ मार्च, शनिवार

गिअरबॉक्सचा खालचा भाग उघडला. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे त्याचं डोकं. ऑइल कुठल्या वाटेनं जाईल त्यावर कुठला गिअर पडणार ते ठरतं. इतक्या बारीक वाटा की चिमूटभर घाण अडकली तरी कारभार कोसळतो. दोन व्हॉल्व्ह जरा घट्ट निघाले. हेच ते! मला इतका आनंद झाला की एकटीच हसले.

तेवढ्यात अनाने पानात बांधलेला भात-उसळ घेऊन जाता जाता थांबला. चष्म्याची काडी सुतळीनं बांधलीय. नवीन करायला काय होतं याला? जाऊ दे, मला काय.

"फ्रेमे, गिअर असा क्षणात इकडे, क्षणात तिकडे करतो ना? घाण अडकली तर गिअर अडकून राहतो. नाचत नाही. मीटर लावून बघू दे एकदा."

"तुझा मीटर तुझ्या गाड्यांना लाव."

"बरं बाई," म्हणाला आणि गेला. पूर्वीही असाच जायचा. भांडायचंसुद्धा नाही धड.

११ मार्च, सोमवार

आजपासून चोवीस तारखेपर्यंत आमच्या राजांच्या, नानांच्या दरबाराची गोंगाटबंदी. वर्षाचे विधी आहेत. ढोल नाही, भोंगा नाही, मयतंसुद्धा पुढे ढकललेली. मॅगझीनमध्येही पत्रा ठोकणारे दबकून ठोकतायत. दुफिए म्हणाली, बरंच झालं, तू सावकाश कर, गाडी मिळाली की तोवर खुर्च्या आणि तंबू वाहीन. मी म्हटलं, सावकाश कशाला, गुरुवारी देते.

१४ मार्च, गुरुवार

दिली! व्हॉल्व्ह बॉडी धुतली, घासली, ऑइलच्या वाटा उघडझाप करणारे विजेचे खटके, म्हणजे सॉलेनॉइड, दोन नवीन घातले, गॅस्केट नवीन. प्रत्येक बोल्ट घट्ट केल्यावर त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. ही माझी सही. हा ठिपका असलेला बोल्ट मॅगझीनमध्ये कुणी उगाच सैल करत नाही.

साठ खुर्च्या भरून क्वानसोच्या चढावर नेली. मध्यावर मुद्दाम थांबवली, परत काढली. काही नाही. दुफिए शेजारी डोळे मिटून बसली होती. वर पोचल्यावर एक डोळा उघडला आणि म्हणाली, "आलो?"

"आलो," मी म्हटलं. "आता घरी बसायचं नाव काढशील तर बघ."

२० मार्च, बुधवार

सहा दिवस झाले. दुफिएनं चार लग्नांच्या खुर्च्या, दोन तंबू आणि एक अख्खं चर्चचं कपाट वाहिलं. दोनदा क्वानसो चढली. गिअर एकदाही हललेला नाही. आज तिनं जिवंत कोंबडी पाठवली.

मी कोंबडी हातात धरून शेडच्या दारात उभी राहिले आणि समोर ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "काही लोक म्हणत होते तारा बघा, तारा बघा!"

अनानेनं चष्म्यावरून पाहिलं. "बरं झालं की," म्हणाला. "बाई घाबरली होती बिचारी."

हे मला फार लागलं. का ते माहीत नाही. वाद घालायला हवा होता त्यानं.

२५ मार्च, सोमवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते, कारण डोकं ठिकाणावर नाही.

काल बंदी संपली. आज सकाळी दुफिए भोंगे लावून लसीचं सांगायला निघाली. साडेनऊला फोन. गाडी क्वानसोच्या चढावर परत न्यूट्रल झाली, मागे घरंगळली आणि एका खानावळीच्या टपरीवर आदळली. टपरीत त्या क्षणी कुणी नव्हतं. सूपचं पातेलं सांडलं. खानावळवालीचं तान्हं मूल टपरीच्या मागे चटईवर झोपलं होतं, दोन हातांवर. दुफिएचं मनगट मुरगळलं.

"तू ये," एवढंच म्हणाली. "भंगारवाल्याला संध्याकाळी बोलावलंय. तोवर तुझ्या हातानं घेऊन जा ही."

माणसांनी भरलेल्या ट्रोट्रो व्हॅनमध्ये बसून गेले. वाटभर मनात एकच, दोन हातांवर. गाडीचा मागचा बंपर सोडला तर काही झालं नव्हतं. दुफिए दगडावर बसली होती. रडत नव्हती, त्याचीच भीती वाटली. तिला शेजारी बसवलं, भोंग्याचं बटण बंद केलं आणि गाडी हळूहळू शहराकडे काढली.

गिअर एकदासुद्धा चुकला नाही. चढ, उतार, बाजार, वळणं, सगळीकडे शहाण्यासारखी. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. निघायला नको होतं, पण निघालं. मी म्हटलं, "दुफिए, बघ माझ्या पायाखाली कशी चालते. गाडी नाही बिघडलेली. चालवणारी बिघडलीय."

 मॅगझीनच्या तोंडाशी आलो तसा तिनं चांगला हात पुढे केला, भोंग्याचं बटण दाबलं, आवाज पूर्ण केला आणि माइक तोंडाशी धरला.

"ऐका हो मॅगझीनकर! ही जी गाडी चालवतेय ती फ्रेमा मास्टर! हिनं माझं ऑइल बदललं, माझं डोकं उघडलं, माझी कोंबडी खाल्ली..."

आणि गिअर उडाला. "ऐका"ला तिसऱ्यातून पहिल्यात. "फ्रेमा"ला परत तिसऱ्यात. "कोंबडी"ला गाडीनं असा गचका दिला की माझी हनुवटी स्टिअरिंगवर आपटली. दोन्ही बाजूंची शेडं बाहेर येऊन बघत होती, वेल्डर चष्मे कपाळावर चढवून हसत होते.

"गप्प बस!" मी ओरडले.

ती गप्प बसली. गाडी सरळ चालायला लागली.

मी तिच्या हातातल्या माइककडे पाहिलं.

"बोल," मी म्हटलं.

"काय?"

"बोल, दुफिए! शिव्या दे! मोठ्यानं!"

"अगं, वेड लागलं का तुला?"

तिनं हे माइकमध्येच विचारलं, आणि "वेड"ला गिअर गेला. मी तिच्याकडून मॅगझीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिव्या घालून घेतल्या. तिला आधी रागानं सुचत होत्या, मग शोधाव्या लागल्या. प्रत्येक शिवीला गाडी उडी मारायची. ती श्वास घ्यायला थांबली की गाडीच्या उड्याही थांबायच्या.

आत्ता शेडात बसून हे लिहितेय. मयताचा भोंगा माझ्या हाताखालच्या गाडीत वाजू द्यायचा नाही म्हणून मी प्रत्येक वेळी तो बंद करून गाडी तपासली. आणि ते सहा दिवस, ती कोंबडी! माझ्या व्हॉल्व्ह बॉडीनं गाडी बरी केली नव्हती. नानांच्या हुकमानं केली होती. दोन आठवडे भोंगा बंद होता, बस्स. दुफिए मला पहिल्यापासून सांगत होती, वाक्य अर्धवट राहिलं, वाक्य अर्धवट राहिलं. मी तिला बहिणीवरून उडवून लावलं.

भंगारवाल्याला मी परत पाठवलं. दुफिए म्हणाली, उद्या दुपारपर्यंत. परवा लस आहे, उद्या दुपारनंतर सांगितलं नाही तर डोंगराकडून एक मूल खाली उतरणार नाही.

रोग तारेचा आहे. म्हणजे मला समोर जायला हवं.

गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा रस्ता ओलांडून त्याच्या दारात उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, "चष्म्याची काडी करून घे ना रे."

तो म्हणाला, "उद्या सात वाजता येतो मीटर घेऊन."

२६ मार्च, मंगळवार

अनाने सातला दहा कमी असताना आला. दुफिए आधीच येऊन बसली होती, मनगटाला पट्टी.

मीटरची एक तार त्यानं बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली, दुसरी गिअरबॉक्सच्या अंगाला. "फ्रेमे, काटा शून्यावर हवा. गिअरबॉक्सला बसलेला तो छोटा कंप्युटर याच अंगाला शून्य समजतो आणि त्यावरून ठरवतो की कुठला गिअर. आता दुफिएबाई, बोला."

"काय बोलू?"

"काहीही. काल सुचत होतं की."

नियम माझ्याच हातानं मोडला, शेडातच भोंगा लावला. दुफिए म्हणाली, "आयांनो!" काटा उडाला. "उद्या सकाळी!" परत उडाला.

"म्हणजे शून्यच हलतंय," अनाने म्हणाला. "भोंग्याच्या मशीनच्या विजेला परत जायला धड वाट नाहीये. ती या कंप्युटरच्या वाटेतून घुसतेय. शब्द मोठा तेवढा धक्का मोठा." मग गाडीखाली शिरला.  त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

"काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. एक बोल्ट आहे. गंजलाय. थिनरचा फडका दे."

थिनर? गंजाला पॉलिश पेपर लागतो. थिनर रंग पुसायला लागतो. मी फडका घेऊन स्वतःच खाली शिरले.

भोंग्याची वीज परत नेणारी जाड काळी अर्थिंगची तार आणि गिअरबॉक्सच्या कंप्युटरची तशीच बारीक तार, दोन्ही एकाच बोल्टखाली दाबलेल्या. खालचा रंगसुद्धा खरवडलेला नाही. आणि बोल्टच्या डोक्यावर पिवळा ठिपका.

चार वर्षांपूर्वी सील बदलायला हा गिअरबॉक्स मीच उतरवला होता. परत चढवताना दोन तारा हातात राहिल्या. तारांचं काम माझं नाही, समोर हाक मारायची, दोन मिनिटांचं काम. पण त्याला हाक मारायची नव्हती मला. म्हणून दोन्ही एकाच बोल्टखाली आवळल्या आणि वर सही केली. चार वर्षं चाललं, मग गंज चढला.

आम्ही दोघं गाडीखाली उताणे पडलेलो. तो हळूच म्हणाला, "पुसून टाकतो. तिला कशाला कळायला हवं? नवा बोल्ट घातला की विषय संपला."

त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं की कुठलं आधी ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, "नाही. राहू दे. आधी तिला दाखवते."

दुफिएला खाली वाकवून दाखवलं. तिनं ठिपक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तूच," म्हणाली.

"मीच."

अनानेनं दोन तारा वेगळ्या केल्या. भोंग्याची थेट बॅटरीपर्यंत नेली, कंप्युटरची खरवडलेल्या चकचकीत लोखंडावर बसवली. मीटरचा काटा हलेना. पण काटा वेगळा आणि चालती गाडी वेगळी. भोंगा पूर्ण लावून मॅगझीनमधून फिरवायला हवी होती, आणि मयत तर कुणाचं नव्हतं. मग सांगायचं काय?

दुफिएनं माइक माझ्या हातात दिला. स्वतः चालवायला बसली. "काल मी बोलले. आज तू बोल."

मी आयुष्यात माइक धरलेला नाही. पण घसा खाकरला. "मॅगझीनकर, घाबरू नका, कुणी गेलेलं नाही. मी फ्रेमा. गिअरबॉक्सवाली. काल या गाडीतून तुम्ही जे ऐकलंत ते खरं होतं. चूक गिअरबॉक्सची नव्हती, चालवणारीची तर नव्हतीच नव्हती. बोल्ट मी लावला होता. तारेचं काम माझं नसताना केलं, कारण वायरिंगवाल्याशी बोलायचं नव्हतं. एक मूल दोन हातांच्या अंतरानं वाचलं. ज्यांच्या गाड्यांत मी तारांना हात लावलाय त्यांनी गाड्या घेऊन या, आम्ही दोघं बघून देतो."

हशा झाला, शिट्ट्या झाल्या. "आम्ही दोघं?" कुणीतरी ओरडलं. कान तापले माझे. पण गाडी तिसऱ्यात होती आणि तिसऱ्यातच राहिली. शेवटच्या शब्दापर्यंत.

मला वाटलं संपलं. दुफिएचं संपलं नव्हतं.

दुपारी आम्ही तिघं क्वानसोला गेलो. चढाच्या पायथ्याशी तिनं गाडी थांबवली. "मास्टर, उतर."

"का गं?"

"चढाच्या मध्यावर मी गाडी उभी करणार. भोंगा पूर्ण लावणार. तू मागे उभी राहायचं. अगदी मागे. तुला खात्री आहे ना?"

खात्री होती. मला माझ्या कामाची नेहमीच खात्री असते. वीस तारखेला पण होती, कोंबडी हातात धरून. तरी उतरले. चालत मध्यावर गेले. गाडी माझ्या पुढ्यात येऊन थांबली, बंपर हाताला लागेल इतकी जवळ. एका बाजूला दरड, दुसरीकडे गटार. गटाराकडे एकदा पाहून घेतलं.

अनाने माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"तू कशाला?" मी म्हटलं. "तू हो बाजूला."

"अर्धं काम माझं आहे."

"अनाने, हट."

"नाही हटत," तो म्हणाला. भांडला, एकदाचा.

दुफिएनं भोंगे लावले. "आयांनो!" इतक्या जवळून तो आवाज छातीत लागतो. ब्रेकचे लाल दिवे विझले. गाडी टिचभर मागे आली असं मला वाटलं. अनाने म्हणतो आली नाही. मी माझ्या जागेवरून हलले नाही, एवढं खरं.

"आयांनो, उद्या सकाळी आठ वाजता शाळेत गोवराची लस! पाठीवरची, कडेवरची, धावणारी, सगळी पोरं घेऊन या! मी दुफिए सांगतेय!"

आणि गाडी वर गेली. अख्खं वाक्य बोलत, एका दमात, एका गिअरमध्ये. वळणाच्या वरच्या घरांतून बायका बाहेर यायला लागल्या, हात पुसत, पोरं पाठीला बांधलेली, किती वाजता, किती वाजता विचारत. दुफिए गाडी थांबवून एकेकीला परत सांगत होती. मग खिडकीतून पट्टीवाला हात काढून तिनं आम्हाला वर बोलावलं.

आम्ही चालायला लागलो. चढ खडा आहे. अनानेला धाप लागली. मी थांबले.